हातांची शुद्धी, श्वासाचे रक्षण : साथ येण्यापूर्वीची सिद्धता

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपणा सर्वांच्या अभ्यासातला आहे. पांचाल देशाची राजधानी असलेल्या काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावरील वनात, ग्रीष्माच्या अखेरीस पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. निसर्गाची लक्षणे बिघडलेली पाहून ते अग्निवेशाला सावध करतात. वायू, उदक, देश आणि काल या चार भावांच्या विकृतीने जनपदोध्वंस कसा होतो, याचे विवेचन पुढे येते आणि परीक्षेच्या निमित्ताने ते आपण पाठही केलेले असते. परंतु या विवेचनाच्या आधी आत्रेय जी आज्ञा देतात, तिच्याकडे आपले लक्ष तितके जात नाही. भूमीचा रस नाहीसा होण्यापूर्वी, औषधींचे वीर्य क्षीण होण्यापूर्वी त्यांचा संग्रह करा, असे ते सांगतात. साथ आल्यावर काय करावे हा प्रश्न त्यांनी दुसरा मानला आहे. साथ येण्यापूर्वी काय करून ठेवावे, हा पहिला.

कोविड-१९ च्या महासाथीने या आज्ञेचा अर्थ आपल्याला फार महाग किमतीला शिकविला. मार्च २०२० मध्ये राज्यात पहिले रुग्ण सापडले आणि थोड्याच दिवसांत बाजारातून मुखपट्ट्या व सॅनिटायझर दिसेनासे झाले. १३ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाला या दोन्ही वस्तू अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखाली आणाव्या लागल्या आणि त्यानंतर आठवडाभरात २०० मिलीलिटर सॅनिटायझरची किंमत १०० रुपयांपेक्षा अधिक असू नये असा निर्बंध घालावा लागला. ज्या चिकित्सालयात चार मुखपट्ट्या व एक बाटली एवढाही संग्रह नव्हता, तेथील वैद्यासमोर दोनच मार्ग उरले : दार बंद करणे किंवा उघड्या तोंडाने रुग्ण तपासणे. पहिल्या मार्गात रुग्णाची हानी होती आणि दुसऱ्यात वैद्याची, त्याच्या कुटुंबाची व पुढच्या रुग्णाचीही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या आजाराची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता सर्वत्र स्वस्थता आहे, आणि म्हणूनच हा विषय आज मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते. भीती ओसरल्यावर जो विचार होतो, तोच पुढच्या वेळी उपयोगी पडतो.

ग्रंथांचा आधार आणि त्याची मर्यादा

संसर्गाची कल्पना आपल्या शास्त्राला परकी नाही. सुश्रुतांनी निदानस्थानात कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी, रोग एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे कोणत्या मार्गांनी जातात ते सांगितले आहे. निकट सहवास, अंगाचा स्पर्श, निःश्वास, एकत्र भोजन, एकत्र शयन व आसन, दुसऱ्याची वस्त्रे, माला व अनुलेपन अशी ती गणना आहे. चरकांच्या सद्वृत्तात तोंड झाकल्याविना जांभई, शिंक वा हास्य करू नये असा नियम आहे. हात, पाय व मुख धुतल्याविना भोजन करू नये असाही आहे. व्रणिताच्या खोलीत मोहरी, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन दिवसातून दोन वेळा, दहा दिवस करावे, असे सुश्रुत सांगतात.

एवढा भक्कम आधार असताना दोन टोके आपण टाळली पाहिजेत. हे सारे पाश्चात्त्यांकडून आलेले आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणे हे एक टोक. दुसरे टोक म्हणजे आपल्या आचार्यांना विषाणू ठाऊक होते असे सभांतून ठासून सांगणे. त्यांना सूक्ष्मदर्शक उपलब्ध नव्हता. त्यांच्याजवळ निरीक्षण होते आणि त्या निरीक्षणावरून त्यांनी संक्रमणाचे मार्ग अचूक हेरले. त्या मार्गांपैकी स्पर्श आणि निःश्वास हे दोन मार्ग अडविण्याची साधने आज आपल्याजवळ त्यांच्यापेक्षा चांगली आहेत. ती वापरणे हेच त्या परंपरेचे पालन होय.

वैद्याचा हातच रोगाचा वाहक होऊ शकतो, ही गोष्ट मान्य करणे कोणत्याही वैद्यकाला सोपे गेलेले नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या वैद्यांना व विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल महिन्यात त्या विभागातील सुमारे १८ टक्के प्रसूता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास उतरले. तरीही त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यकांनी त्यांचे म्हणणे दीर्घकाळ स्वीकारले नाही. आपले हात अशुद्ध असू शकतात, हे ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

बाटलीत काम कोण करतो ?

आता सॅनिटायझरकडे वळू. २०२० मध्ये बाजारात निंब, तुळस, कोरफड, वाळा, हळद अशा नावांच्या असंख्य बाटल्या आल्या. त्यांतील काही आपल्याच व्यवसायबंधूंच्या औषधनिर्माणशाळांतून आल्या होत्या. वेष्टनावर तुळशीचे हिरवेगार चित्र होते. मद्यार्काचे प्रमाण मात्र काही बाटल्यांवर शोधूनही सापडत नसे. या संदर्भात एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. हातावरील जंतू व विषाणू काही सेकंदांत निष्प्रभ करण्याचे कार्य त्या बाटलीतील मद्यार्क करतो. तुळस सुगंध देते, कोरफड त्वचेचा रूक्षपणा कमी करते. त्यांचे हे उपकार खरे आहेत, परंतु मद्यार्काची उणीव त्या भरून काढीत नाहीत.

मद्यार्क विषाणूच्या स्निग्ध आवरणाला विरघळवितो आणि त्यातील प्रथिनांची घडण मोडतो. प्रथिनांची ही मोडतोड होण्यास पाण्याचीही आवश्यकता असते. म्हणून ९५ टक्क्यांहून तीव्र मद्यार्क हा ६० ते ८० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा कमी परिणामकारक ठरतो, आणि ६० टक्क्यांच्या खाली गेल्यास परिणाम झपाट्याने घटतो. ज्या विषाणूंना स्निग्ध आवरण नसते, त्यांच्यावर, उदाहरणार्थ अतिसार व वमन घडविणाऱ्या नोरोव्हायरसवर, मद्यार्काचा प्रभाव तोकडा पडतो. बीजाणूंवर तर तो चालतच नाही. तेथे साबण, वाहते पाणी आणि हातांचे घर्षण यांनाच पर्याय नाही.

घरगुती कृतींचा सुळसुळाट त्या काळात फार झाला होता. त्यांतील चूक साध्या गणिताने ध्यानात येते. १०० मिलीलिटर ७० टक्के मद्यार्कात १०० मिलीलिटर कोरफडीचा गर मिसळला की मिश्रणातील मद्यार्क ३५ टक्क्यांवर येतो. ते मिश्रण हाताला शीतल लागते, सुगंधही येतो आणि जंतू मात्र जागच्या जागी राहतात. रुग्ण आपल्याला सुरक्षित समजून त्याच हाताने डोळे चोळतो. संरक्षण नसण्यापेक्षा संरक्षणाचा असा आभास अधिक घातक असतो.

आसव-अरिष्टांविषयीही काहींनी विचारणा केल्याचे आमच्या कानी आले होते. त्यांतील स्वयंजात मद्य साधारणपणे ५ ते १२ टक्क्यांच्या मर्यादेत असते. ते औषधद्रव्यांचे गुण धारण करण्यास व टिकविण्यास पुरेसे आहे, हस्तशुद्धीस नाही. तसेच, निंबाच्या किंवा हळदीच्या अर्काने प्रयोगशाळेतील तबकडीत जंतूंची वाढ रोखली, एवढ्यावरून तो अर्क हातावर अर्ध्या मिनिटात तेच कार्य करील, असे अनुमान काढता येत नाही. तबकडीत त्याला चोवीस तास मिळतात, हातावर वीस-तीस सेकंद.

औषधनिर्माणशाळांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेने स्थानिक पातळीवर निर्मितीसाठी दोन योग प्रसिद्ध केले आहेत. दहा लिटर सिद्ध द्रवासाठी पहिल्या योगात ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिलीलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलीलिटर, ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिलीलिटर आणि उरलेले ऊर्ध्वपातित किंवा उकळून गार केलेले पाणी असते. दुसऱ्या योगात इथेनॉलच्या जागी ९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५१५ मिलीलिटर घ्यावयाचे असते. सिद्ध द्रवात पहिल्या योगात ८० टक्के इथेनॉल, तर दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल राहते. हायड्रोजन पेरॉक्साइड येथे हातासाठी नसून द्रवात किंवा पात्रात राहिलेल्या बीजाणूंच्या नाशासाठी आहे. म्हणूनच भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवून मगच वापरास काढाव्यात असा नियम आहे. ग्लिसरीन त्वचेच्या रक्षणासाठी आहे. प्रत्येक घाण्यातील मद्यार्काचे प्रमाण मद्यार्कमापकाने तपासून नोंदवहीत लिहून ठेवावे.

हे योग येथे दिले, याचा अर्थ ते कोणीही स्वयंपाकघरात किंवा चिकित्सालयाच्या मागील खोलीत करावेत असा नव्हे. निर्मितीला परवाना लागतो. जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने सॅनिटायझरच्या साठ्यासाठी व विक्रीसाठी परवान्याची अट शिथिल केली होती. निर्मितीची मोकळीक त्यात नव्हती. आपले उत्पादन कोणत्या परवान्याखाली बसते, हे अन्न व औषध प्रशासनाकडून लेखी निश्चित करून घेतल्याविना एकही बाटली बाहेर पडू नये. कराचा प्रश्नही असाच आधी समजून घ्यावा. सॅनिटायझर हे औषध धरावे की निर्जंतुक द्रव्य, हा वाद २०२० मध्ये गोव्याच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे गेला आणि तेथे १८ टक्के वस्तू व सेवा कराचा निर्णय झाला. जून २०२१ मध्ये तो दर काही महिन्यांपुरता ५ टक्क्यांवर आणण्यात आला होता. किंमत ठरविताना औषधाचा दर गृहीत धरणाऱ्यांचे गणित अशा वेळी चुकते.

याहून गंभीर विषय मिथेनॉलचा आहे. तो दिसण्यात व वासात इथेनॉलसारखा, किमतीने स्वस्त आणि शरीरात गेल्यावर दृष्टी व प्राण हरण करणारा आहे. त्वचेतूनही तो शोषला जातो. जून २०२० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने मिथेनॉल वापरून बनावट सॅनिटायझर करणाऱ्या टोळ्यांविषयी राज्यांना सावध केले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही तेथील बाजारात आलेल्या अशा उत्पादनांविषयी इशारा दिला. इराणमध्ये त्या वर्षी मद्य पोटात घेतल्याने विषाणूपासून बचाव होतो या अफवेपायी मिथेनॉल पिऊन शेकडो लोक मृत्युमुखी पडले. कच्चा माल घेताना पुरवठादाराच्या शब्दावर न विसंबता प्रत्येक पिंपाचे पृथक्करण पत्र मागावे आणि शंका आल्यास तो माल परत करावा.

दोन घटना, एक जिल्हा

बाटली दुकानातून बाहेर पडल्यावर आपली जबाबदारी संपते असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील दोन घटना पुरेशा आहेत.

३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओ लसीकरणाच्या दिवशी घाटंजी तालुक्यातील एका गावी पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. लहानशी बाटली, गर्दीची वेळ आणि एका मेजावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन द्रव्ये एवढे जमले की असा अनर्थ घडू शकतो.

दुसरी घटना एप्रिल २०२१ मधील वणी येथील. टाळेबंदीमुळे मद्याची दुकाने बंद होती, तेव्हा काहींनी नशेसाठी सॅनिटायझर प्राशन केले आणि सात जण दगावले. आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडु येथे जुलै २०२० मध्ये अशाच प्रकारे दहाहून अधिक माणसे मेली होती.

या घटनांवरून औषधविक्रेत्यांनी व वैद्यांनी काही नियम घालून घ्यावेत. सॅनिटायझर कधीही पोटात घ्यावयाच्या औषधाच्या बाटलीत भरू नये. काढ्याच्या रिकाम्या बाटल्या, तेलाच्या कुप्या, थेंब टाकण्याच्या कुप्या यांचा या कामी पुनर्वापर सक्तीने थांबवावा. ‘केवळ बाह्योपयोगासाठी’ ही अक्षरे मराठीत, दुरून वाचता येतील एवढी मोठी असावीत, आणि वाचता न येणाऱ्यासाठी धोक्याचे चिन्हही असावे. चिकित्सालयात औषध देण्याच्या मेजावर सॅनिटायझर ठेवू नये. त्याची जागा दाराशी, भिंतीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असावी. मद्याच्या आहारी गेलेला माणूस ज्या घरात आहे, तेथे पाच लिटरचा डबा न देता साबण सुचवावा. एवढे बोलण्याचा अधिकार गावच्या वैद्याला असतो आणि त्याचे ऐकलेही जाते.

चिकित्साकर्मातील विवेक

आयुर्वेदीय चिकित्सालयाची काही वैशिष्ट्ये अशी आहेत की सर्वसाधारण सूचनापत्रके तेथे अपुरी पडतात. आपले कितीतरी कर्म स्पर्शाने व स्नेहाने चालते. अग्नी, वाफ व धूम यांचाही उपयोग होतो. म्हणून पुढील गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

नाडीपरीक्षेपूर्वी आणि नंतर हात शुद्ध करावेत. तळवा भरेल एवढा द्रव घेऊन तळवे, हातांची मागील बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांची टोके अशा क्रमाने २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळावेत. साबण-पाण्याने धुण्यास ४० ते ६० सेकंद द्यावेत. अंगठ्या व धागे काढून ठेवावेत.

अभ्यंगानंतर सॅनिटायझर वापरू नये. तेलकट हातावर तो नीट पसरत नाही आणि तेलाच्या थराखाली पोहोचत नाही. प्रथम साबणाने वा उटण्याने स्नेह काढून, मग साबण-पाण्याने हात धुवावेत. मळ, रक्त किंवा वमनाचा अंश लागलेल्या हातांनाही हाच नियम आहे.

अग्निकर्म, धूपन व धूमपान यांच्या आधी सॅनिटायझर लावला असल्यास हात पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करावी. शक्यतो तेथे साबणच वापरावा. मद्यार्काची वाफ साध्या खोलीच्या उष्णतेलाही पेट घेऊ शकते आणि त्याची ज्योत उजेडात चटकन दिसत नाही. औषधनिर्माणशाळेत पाकसिद्धीच्या शेगडीजवळ, पुटाच्या भट्टीजवळ किंवा देवघरातील समईजवळ त्याचा साठा असू नये.

जलौकावचरणाच्या वेळी ज्या जागी जळू लावावयाची, त्या त्वचेवर मद्यार्क किंवा सुगंधी द्रव्य राहिल्यास ती लागत नाही, हा अनुभव या कर्मातील बहुतेकांना आहे. ती जागा साध्या पाण्याने स्वच्छ करावी. वैद्याने मात्र हातमोजे घालावेत, कारण हे रक्ताचे कर्म आहे. हातमोजे काढल्यावर हात पुन्हा धुवावेत. मोजा हा हस्तशुद्धीचा पर्याय नव्हे. त्याला सूक्ष्म छिद्रे असू शकतात आणि काढताना हाताला स्पर्श होतोच.

नस्य, वमन, कवल व गंडूष या कर्मांत शिंक, खोकला व तुषार अपरिहार्य आहेत. श्वसनमार्गाच्या साथीच्या काळात ही कर्मे तातडीची नसतील तर पुढे ढकलावीत. करावीच लागली तर मोकळ्या हवेच्या खोलीत, एका वेळी एकच रुग्ण घेऊन, नेत्ररक्षक व योग्य मुखपट्टी लावून करावीत. स्वेदनाच्या खोलीत वाफेने मुखपट्टी ओली होते आणि ओली मुखपट्टी निकामी समजावी. म्हणून दर कर्मानंतर ती बदलावी.

वापरलेले साहित्य घरच्या कचऱ्यात जाऊ नये. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आपल्यालाही लागू आहेत. रक्ताचे कापूस-बोळे व रुग्णसेवेत वापरलेल्या मुखपट्ट्या पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत आणि सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या पात्रात टाकाव्यात.

वायू हा पहिला भाव

हातांची एवढी चर्चा केल्यावर हेही सांगणे प्राप्त आहे की कोविड-१९ चा मुख्य मार्ग हात नव्हता. पहिल्या काही महिन्यांत लोक भाजी साबणाने धूत होते, वर्तमानपत्र उन्हात ठेवीत होते. काही ठिकाणी माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदेही उभारले गेले. एप्रिल २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर अशी फवारणी करू नये, त्याने अपायच होतो, असे कळविले. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये असे अनुमान मांडले की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. बंद खोलीतील, अनेकांच्या निःश्वासाने भरलेली हवा हा खरा धोका होता.

म्हणून हस्तशुद्धी निरर्थक ठरते काय ? मुळीच नाही. अतिसार, विषमज्वर, कावीळ, नेत्राभिष्यंद, त्वचेचे संसर्ग यांच्यासाठी हाताचा मार्ग आजही खुला आहे, आणि पुढची साथ कोणत्या मार्गाने येईल हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु दाराशी बाटली ठेवली म्हणजे कर्तव्य संपले, या समजुतीला मात्र आधार उरलेला नाही. जनपदोध्वंसाच्या चार भावांत वायू प्रथम का गणला, याचे चिंतन आपण आपल्या प्रतीक्षाकक्षात बसून करावे. तेथे समोरासमोर दोन खिडक्या आहेत काय ? त्या उघडतात काय ? वातानुकूलित यंत्रासाठी त्या कायमच्या बंद तर केल्या नाहीत ? दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा रुग्ण दाटीने बसत असतील, तर वेळा ठरवून देणे हीच तेथील पहिली चिकित्सा होय. धूपन करावयाचे असल्यास खोली रिकामी असताना करावे व नंतर हवा खेळू द्यावी. श्वासाच्या रुग्णांनी भरलेल्या बंद खोलीत धूर करणे अपथ्यच आहे.

मुखपट्टीचा इतिहासही बोधप्रद आहे. १९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा वू लिएन-तेह या वैद्यकाने हा रोग श्वासातून पसरतो असे ओळखून कापूस व जाळीदार कापडाची मुखपट्टी वापरात आणली. हे न मानता उघड्या तोंडाने रुग्ण तपासणारा एक फ्रेंच वैद्यक थोड्याच दिवसांत त्याच रोगाने मरण पावला. आपल्याकडे ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला. तेव्हा नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, मुखपट्ट्या मिळेनाशा झाल्या आणि लोकांनी हातरुमाल बांधले. कापराच्या पुरचुंड्याही गळ्यात आल्या. कापराच्या वासाने नाक मोकळे वाटते, विषाणू अडत नाही. साधी कापडी पट्टी इतरांचे थोडेफार रक्षण करते. तीन पदरी शस्त्रक्रियेची पट्टी त्याहून बरी. आणि चेहऱ्याला घट्ट बसणारी एन-९५ पट्टी ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडविते. घट्ट बसणे ही येथे मुख्य अट आहे, दाढीवर ती बसत नाही. झडप असलेली पट्टी वापरणाऱ्याचा निःश्वास गाळल्याविना बाहेर सोडते, म्हणून केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये तिचा वापर न करण्याविषयी राज्यांना कळविले होते. सर्व साहित्य उतरविताना हातमोजे प्रथम व मुखपट्टी शेवटी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर हस्तशुद्धी, हा क्रम सहायकांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा.

शब्दाची किंमत

त्या साथीत राज्यातील कोविड केंद्रांत असंख्य आयुर्वेद पदवीधरांनी जिवाची पर्वा न करता सेवा दिली. आयुर्वेदाची प्रतिष्ठा त्यांनी वाढविली. त्याच काळात ‘विषाणूचा समूळ नाश’, ‘शंभर टक्के संरक्षण’ अशा जाहिराती आयुर्वेदाच्या नावाने झळकत होत्या. १ एप्रिल २०२० रोजी आयुष मंत्रालयाला अशा प्रचारास आळा घालण्याचे आदेश द्यावे लागले, ही आपल्या व्यवसायाला भूषणावह गोष्ट नव्हे. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ पासून अस्तित्वात आहे; परंतु कायद्याच्या भयाने नव्हे, तर रुग्णाच्या विश्वासापोटी आपण शब्द जपून वापरले पाहिजेत. ज्या वैद्याने ‘ही तुळशीची बाटली चांगली आहे, कारण तिच्यात ७५ टक्के मद्यार्क आहे’ असे प्रामाणिकपणे सांगितले, त्याच वैद्याने ‘हा काढा तुझ्या प्रकृतीला मानवेल’ म्हटल्यावर रुग्ण ते मानील.

आता काय करावे ?

प्रत्येक चिकित्सालयाने व दुकानाने महिनाभर पुरेल एवढा साबण, परवानाधारक उत्पादकाचा ७० टक्क्यांहून अधिक मद्यार्काचा सॅनिटायझर, तीन पदरी व एन-९५ मुखपट्ट्या, हातमोजे आणि नेत्ररक्षक यांचा संग्रह ठेवावा. प्रत्येक वस्तूवर मुदतीची तारीख पाहावी आणि जुने साहित्य आधी वापरून नवे भरावे. मद्यार्क उडून जातो, म्हणून झाकण सैल राहिलेली जुनी बाटली राखून ठेवण्यात अर्थ नाही. एका वैद्याला एवढा संग्रह जड जाईल, तर तालुक्यातील पाच-सात वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी मिळून तो करावा. सहायक, परिचारिका व झाडलोट करणाऱ्या व्यक्ती यांना वर्षातून दोनदा हस्तशुद्धीचा व साहित्य उतरविण्याचा क्रम शिकवावा. साथीत प्रथम त्याच आजारी पडतात आणि त्यांच्याविषयी आपण शेवटी विचार करतो.

वर्षारंभी साथीचे ज्वर व अतिसार दरवर्षीच येतात. हा अंक हाती पडल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी आपल्या चिकित्सालयातील कपाट उघडून पाहावे, हात धुण्याच्या जागी साबण आहे की नाही ते बघावे, आणि प्रतीक्षाकक्षाची खिडकी उघडते का ते तपासावे, एवढीच आमची सर्व वैद्यबंधु-भगिनींना व औषधनिर्मात्यांना विनंती आहे.